जिन्कगो, ओमेगा-३ आणि बी-१२ : बाबांचे आठ महिने

बाबांना अल्झायमर असल्याचं कळलं आणि महिन्याभरात घरात तीन बाटल्या आल्या. आता आठ महिने झाले, म्हणून लिहितेय.

बी-१२ ची गोष्ट निराळी. रक्ततपासणीत ते खरंच कमी निघालं होतं, गोळी डॉक्टरांनीच सुरू केली. दोनेक महिन्यांत चालताना जाणारा तोल सावरला, दिवसभराची पेंग कमी झाली. विसरणं तसंच. कमतरता नसलेल्यांना तर बी गटाची भारी मात्रा देऊनही घसरण थांबत नाही. २००८ साली ४०९ रुग्णांवर ते तपासून झालंय.

ओमेगा-३ ने मला चांगलंच फसवलं. म्हणजे मीच फसले. एका सकाळी बाबांनी धाकट्या आत्याचं नाव बरोबर घेतलं, श्रेय कॅप्सूलला! दुसऱ्या दिवशी मलाच 'ताई' म्हणाले, तर रात्री झोप झाली नसेल. भाऊ वैतागून म्हणाला, "चांगला दिवस गोळीचा आणि वाईट दिवस झोपेचा, हा कुठला हिशेब?" मग वही घातली. कपडे स्वतः घातले का, संडासाची वाट सापडली का, एकच प्रश्न किती वेळा विचारला. मध्ये एकदा बाटली संपली, आणायची राहून गेली. त्या दोन आठवड्यांची पानं आधीच्या पानांसारखीच निघाली. त्यानंतर कुठे २०१० च्या चाचणीबद्दल वाचलं : ४०२ रुग्ण, रोज २ ग्रॅम डीएचए (ओमेगा-३ चाच एक प्रकार), १८ महिने, फरक शून्य. हे आधी वाचायचं असतं.

जिन्कगोबद्दल, म्हणजे त्या नावाच्या झाडाच्या पानांच्या अर्काबद्दल, मात्र कळकळीने सांगते. बाबा हृदयासाठी ॲस्पिरिन घेतात. हातांवर काळेनिळे डाग दिसू लागले, तर मी म्हटलं, कुठेतरी आपटले असतील. 'झाडपाल्याचं तर आहे' म्हणून ही बाटली डॉक्टरांना सांगितलीच नव्हती. ॲस्पिरिन आणि जिन्कगो एकत्र घेतल्याने रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. शेवटी सांगितलं, तर डॉक्टरांनी त्याच दिवशी ती बंद करायला लावली. डाग हळूहळू गेले.

ई जीवनसत्त्वाचंही विचारून पाहिलं. २०१४ च्या चाचणीत रोज २००० युनिट घेणाऱ्यांची रोजची कामं करण्याची क्षमता जरा सावकाश घटली होती, स्मरणशक्तीला मात्र फायदा नव्हता. पण एवढ्या मात्रेनेही रक्तस्राव वाढू शकतो, त्यामुळे ॲस्पिरिन चालू असताना डॉक्टर नको म्हणाले.

सध्या फक्त बी-१२. बाबा रोज गोळी तळहातावर घेऊन विचारतात, "ही कशाची गं?" पूर्वी मी 'आठवणीची' म्हणायचे. आता 'बी-१२ ची' म्हणते.