आईची वाडी: उंच वाफा की टायमरचं ठिबक?

गुडघे कुरकुरले तरी वाडीतला सांबार, म्हणजे कोथिंबीर, नि पालक सोडायचा नाही, हे आईचं ठरलेलं. मग कमरेएवढा वाफा बांधावा की टायमरचं ठिबक बसवावं?

वाफ्याने वाकणं संपतं. उंची अडीच फूट, रुंदी चार फुटांच्या आत. दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोचतो. पण नुसती काळी माती भरू नका. ओली झाली की चिकटते, वाळली की भेगाळते. शेणखत, वाळू सढळ मिसळा. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की असा वाफा जमिनीपेक्षा लवकर सुकतो. मग बादल्या कोण उचलणार?

ठिबकाचं उलटं. २०० लिटरचा ड्रम ओट्यावर ठेवला की वीज गेली तरी थेंब चालू. टायमर मात्र कमी दाबावर चालणाराच घ्या, नाहीतर ड्रमच्या पाण्यावर तो उघडतच नाही. खाऱ्या पाण्याने ड्रिपर चोंदतात. आणि निंदायला, तोडायला वाकावं लागतंच!

माझा कौल वाफ्याला. ड्रमची नळी त्यावरच फिरवायची, पण साध्या तोटीने. टायमरचे बारीक आकडे आईला दिसत नाहीत. तोटी हाताला कळते.