सेवा क्लबच्या गंगाजळीला शिस्त लावणारे लेखापाल कार्यालय

आमच्या छोट्या सेवा क्लबच्या नोंदणीकृत न्यासाचे हिशेब गेली काही वर्षे कॉलेज रोडवरील या सनदी लेखापाल कार्यालयाकडे आहेत आणि मी त्यांच्या कामावर मनापासून समाधानी आहे.

क्लबचे वर्ष 1 जुलैला सुरू होते, तर हिशेबाचे वर्ष 31 मार्चला संपते. त्यामुळे एकाच ताळेबंदात दोन कोषाध्यक्षांचा कारभार येतो आणि सप्टेंबरअखेरपर्यंत लेखापरीक्षण पूर्ण करताना आधीच्या पदाधिकाऱ्यांच्या पावत्या शोधण्याची वेळ नव्यांवर येते. या कार्यालयाने 30 जूनला बँकेतील शिल्लक, ठेव पावत्या आणि येणी-देणी यांचे पत्रक करून त्यावर दोघांच्याही सह्या घेण्याची पद्धत घालून दिली.

त्याहून मोलाचे मार्गदर्शन गंगाजळीबाबत मिळाले. नाशिक जिल्ह्यातील पेठ-सुरगाण्याकडील पाण्याच्या टाक्यांवरचा आमचा बहुतेक खर्च एप्रिल-मेमध्ये होतो, म्हणून मार्चअखेरीस खात्यात दिसणारा पैसा वास्तविक पुढच्या कामांना बांधलेला असतो. परंतु आयकर सवलत टिकवायची, तर न्यासाच्या उत्पन्नापैकी किमान 85 टक्के रक्कम त्याच वर्षी उद्दिष्टांसाठी खर्च व्हावी लागते. उरलेल्या 15 टक्क्यांहून अधिक रक्कम राखायची असल्यास नेमका हेतू नोंदवून, विहित नमुन्यात आणि मुदतीत आयकर विभागाला कळवून ती जास्तीत जास्त 5 वर्षे साठवता येते. कायम निधीसाठी, म्हणजे मूळ रक्कम न मोडता राखायच्या देणगीसाठी, देणगीदाराची लेखी सूचनाही हवी. हे सारे त्यांनी कार्यकारिणीच्या बैठकीला येऊन समजावले आणि ठरावाचा मसुदाही करून दिला. सभासदांची वर्गणी आणि लोकांनी सेवाकार्यासाठी दिलेला पैसा यांची खाती वेगळी ठेवण्याबाबत तर ते कमालीचे काटेकोर आहेत, आणि तसेच असायला हवे.

जादा व्याजाच्या आशेने पतसंस्थेत ठेव ठेवावी, असा आग्रह काही सभासदांनी धरला होता. न्यासाचा पैसा कायद्याने मान्य केलेल्या ठिकाणीच गुंतवता येतो आणि बँकेतील ठेवींना असलेले 5 लाख रुपयांपर्यंतचे विमासंरक्षण पतसंस्थेत मिळत नाही, असे सांगून त्यांनी स्पष्ट नकार दिला. लोकांच्या विश्वासावर जमलेल्या पैशाबाबत हा ठामपणा मला फार महत्त्वाचा वाटतो.

ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये मात्र तेथे फोनला उत्तर मिळणे कठीण होते. शुल्क वाजवी असून ते आधीच लेखी कळवले जाते. नव्या संस्थांनी शक्यतो फेब्रुवारीतच भेट घ्यावी, कारण मार्च उलटल्यावर त्या वर्षीच्या खर्चाचे नियोजन बदलता येत नाही.