"ट्रॉफी गॅरंटी" वाला डॉग ट्रेनर आणि सोलापुरातली खोटी ट्रायल, कुत्रा पाळणाऱ्यांनी वाचाच

कुत्रा ट्रेनिंगला सोडायचा विचार असेल आणि समोरचा माणूस "ओबीडियन्स ट्रायल जिंकवून देतो" म्हणत असेल (ओबीडियन्स ट्रायल म्हणजे कुत्रा हुकूम किती नीट पाळतो त्याची स्पर्धा) तर पैसे द्यायच्या आधी हे वाचा. नाव टाकत नाही कारण पोलिसात अर्ज दिलाय, पण पद्धत सगळी सांगतो.

आमचा लकी म्हणजे काळा लॅब्रॅडोर. बस म्हटलं की बसतो, कडक भाकरी दिसली की न सांगता पण बसतो. मुलीनं पुण्यात एका डॉग शोला ओबीडियन्सची रिंग बघितली आणि तेव्हापासून तिच्या डोक्यात तेच, लकीला उतरवायचं. सोलापुरात शिकवणारं कोण आहे विचारत विचारत जुळे सोलापुरातल्या एका माणसापर्यंत पोचलो. भाड्याचा बंगला, भिंतभर ट्रॉफ्या, आर्मीत डॉग हँडलर होतो म्हणाला. 35 हजार फी, अर्धे आधी, मायक्रोचिप (कुत्र्याच्या कातडीखाली टोचायची ओळखीची चिप) आणि रजिस्ट्रेशनचे 4 हजार वेगळे, ट्रायलची एंट्री फी अजून वेगळी. आणि वर म्हणतो, "साहेब तुम्ही काहीच करू नका, फक्त ट्रॉफी घ्यायला या."

आता कळतंय की सगळी ग्यानबाची मेख ह्याच वाक्यात होती. खऱ्या ट्रायलमध्ये मार्क जोडीला मिळतात, कुत्रा आणि त्याला चालवणारा दोघांना मिळून. स्टुअर्ड, म्हणजे रिंगमधला जजचा मदतनीस, ऑर्डर सोडतो, लेफ्ट टर्न, अबाऊट टर्न, हॉल्ट, आणि तुम्ही थांबलात की कुत्र्यानं न सांगता डाव्या पायाजवळ सरळ बसायचं असतं. पट्टा ताणला गेला तर मार्क कट, दुसऱ्यांदा कमांड दिली तर कट. लांबनं हाक मारल्यावर येऊन समोर बसणं, बसवून लांब गेल्यावर तिथंच थांबणं, पुढच्या क्लासला डंबेल (कुत्र्यानं तोंडात धरायचा दांडा) आणून देणं, त्याच्याही पुढं वासावरनं बरोबर कापड शोधणं. रिंगमध्ये बिस्किट चालत नाही. ज्याला रिंगमध्ये उतरायचंय त्याला पण कुत्र्याइतकंच शिकावं लागतं, मग मालकाला बाजूला ठेवून हे होणार कसं?

पण हा भेटू द्यायचाच नाही. "मालक दिसला की कुत्रं डिस्टर्ब होतं" म्हणायचा आणि व्हॉट्सॲपवर व्हिडिओ टाकायचा, सगळे लांबनं काढलेले. एका व्हिडिओत मुलीनं पकडलं, लकीच्या छातीवर पांढरा ठिपका आहे आणि व्हिडिओतल्या कुत्र्याला तो नाहीच. विचारलं तर म्हणे सावलीत दिसत नाही मॅडम. भर उन्हात सावली!

मग "स्टेट लेव्हल ट्रायल" आली. होटगी रोडला एक लॉन, फ्लेक्स, माईक, कोट घातलेला जज (सोलापूरच्या उन्हात कोट, बिचारा घामानं भिजला होता). एकेक कुत्रं एक राऊंड फिरवलं, बसवलं, उठवलं, झालं. लकी फर्स्ट! आम्ही खूश, फोटोबिटो काढले, आणि चहाच्या टेबलाला अक्कलकोट रोडच्या एका काकू भेटल्या, त्यांच्या पॉमेरियनला पण बिगिनरमध्ये फर्स्ट. पलीकडच्या पोराच्या रॉटविलरला पण बिगिनरमध्ये फर्स्ट. मग आम्ही तिघांनी सर्टिफिकेटं शेजारी शेजारी ठेवून बघितली, तर मार्क कुठंच नाहीत, रजिस्ट्रेशन नंबर नाही, आणि संस्थेचं नाव केनेल क्लब ऑफ इंडियाशी (केसीआय, कुत्र्यांची नोंदणी करणारी संस्था) मिळतंजुळतं पण वेगळंच. खरी केसीआय 1896 सालची, ऑफिस चेन्नईला.

पैशाचं एक वेळ सोडा, घरी आल्यावर लकी टीव्हीचा रिमोट हातात घेतला की सोफ्याखाली घुसायला लागला. डॉक्टरांनी मानेचे केस बाजूला केले तर खाली दोन गोल जखमा. शॉक कॉलरचे (रिमोटनं करंट देणाऱ्या गळपट्ट्याचे) दोन खिळे एकाच जागी तासनतास टोचत राहिले की अशा होतात म्हणाले. म्हणजे व्हिडिओत कुत्र्याच्या गळ्यात दिसणारा काळा डबा जीपीएस नव्हता, जसं तो ट्रेनर सांगायचा. कॉलर काढली की लकी काहीच ऐकेना, कारण शिकवलेलं काही नव्हतंच, भीती होती नुसती. मायक्रोचिप स्कॅनरला लागलीच नाही. चिपचा नंबर 15 आकडी असतो, ह्याच्या कागदावर 12 आकडे, आधार कार्डासारखे.

त्यामुळं कोणाला द्यायचंच असेल तर न सांगता जाऊन बघता येतं का ते आधी विचारा, नाही म्हटला की उठा तिथनं. ट्रायलची एंट्री ट्रेनरमार्फत भरू नका, शो घेणाऱ्या क्लबला स्वतः फोन करा, शेड्यूल मागा, त्यात जजचं नाव आणि एंट्रीची शेवटची तारीख असते. चिप तुमच्या समोर टोचून तिथंच स्कॅन करून घ्या. आणि दुसरा हप्ता देण्याआधी कुत्र्याला अनोळखी जागी, साध्या पट्ट्यावर, तुम्ही स्वतः कमांड देऊन बघा, ट्रेनरनं कमांड दिली तर ते धरायचं नाही.

आम्ही तिघांनी मिळून अर्ज दिलाय, भारतीय न्याय संहितेचं कलम 318 फसवणुकीचं आणि जखमांसाठी 1960 चा प्राण्यांच्या छळाचा कायदा. डॉक्टरांकडनं जखमांचं लेखी घेतलंय, फोटो तारखेसकट. ग्राहक आयोगात पण जाणार आहे, 5 लाखांपर्यंत फी लागत नाही आणि दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. आधी माहिती पाहिजे असेल तर 1915 ला, म्हणजे ग्राहक हेल्पलाइनला, फोन लावा. यूपीआयचे स्क्रीनशॉट आणि व्हॉट्सॲप चॅट डिलीट करू नका. रोख दिलेल्यांचं अवघड झालंय, एकाकडं पावती नाही काही नाही.

जुळे सोलापूरचा बंगला आता रिकामा आहे. परवा बार्शीच्या एका ओळखीच्यांनी फ्लेक्सचा फोटो पाठवला, नाव दुसरं, नंबर दुसरा, पण फोटोतली ट्रॉफ्यांची भिंत तीच आणि खाली लिहिलंय "फक्त 10 जागा शिल्लक". बार्शीकडचं कोणी असेल तर आधी मला मेसेज करा, अर्जाची कॉपी पाठवतो.