दाखवली एक, बांधून दिली दुसरी

लग्नसराई आणि जत्रांच्या तोंडावर कोल्हापुरात हॉल भाड्याने घेऊन थोड्या दिवसांचे सेल लागतात. चादरी, ट्रॉल्या, मिक्सर, स्वेटर असं सगळं एका छताखाली. यंदा अशाच एका सेलमध्ये कॅमेऱ्याच्या साइड बॅगा होत्या. ‘कस्टमने पकडलेला माल, म्हणून स्वस्त’ असं सांगून त्या विकल्या. तिथे माझी फसवणूक झाली. ज्या पद्धतीने फसवलं, तिच्यात बॅग नीट पारखून घेणारा माणूसही सापडतो, म्हणून सविस्तर लिहितोय.

मी लग्नांचं आणि जत्रांचं फोटोचं काम करतो. प्रवासाला पाठीवरची सॅक बरी, पण गर्दीत लेन्स बदलायची तर ती उतरवून खाली ठेवावी लागते. चैत्र पौर्णिमेला जोतिबाच्या डोंगरावर पाऊल ठेवायला जागा नसते, तिथे सॅक कुठे ठेवणार? शिवाय सासनकाठ्या, म्हणजे देवाच्या उंच मानाच्या काठ्या, नाचत असतात आणि हवेत नुसता गुलाल. तो एकदा कॅमेऱ्याच्या बॉडीत शिरला की सेन्सर साफ करून घ्यावाच लागतो. साइड बॅग पोटाशी ओढून घेता येते आणि झाकणाच्या आडोशाला लेन्स बदलता येते. म्हणून मला साइड बॅगच हवी होती.

माझ्या कॅनन फाइव्ह डी मार्क फोर कॅमेऱ्याची बॉडी बॅटरीसकट ८९० ग्रॅमची. २४-७० एफ २.८ लेन्सची दुसरी आवृत्ती ८०५ ग्रॅम, ७०-२०० एफ २.८ लेन्सची दुसरी आवृत्ती १,४९० ग्रॅम. फ्लॅश आणि त्याचे बॅटरी-सेल धरले की सगळं पावणेचार किलोच्या आसपास जातं, बॅगेचं वजन वेगळं. हा सगळा भार एका पट्ट्यावर, म्हणजे दोन हुकांवर आणि दोन शिवणींवर असतो. बॅग घेताना कप्पे किती आणि रंग कोणता हे नंतर बघावं, आधी ही चार ठिकाणं बघावीत.

मी ती बघितली. सामान बरोबर नेलं होतं, ते स्टॉलवर मांडलेल्या बॅगेत भरलं आणि हॉलमध्ये खांद्याला लावून फिरलो. हूक धातूचे होते, कड्या जाड होत्या. फोम बोटाने दाबला की लगेच वर यायचा. चेनचा रनर दोन्ही बाजूंनी न अडकता चालत होता. तळाच्या खिशात पावसाचं कव्हरही होतं. बॅग खरोखर चांगली होती. नावाजलेल्या कंपनीची, छापील किंमत ९,९९९ आणि घासाघीस करून ४,५०० ला ठरली.

पैसे द्यायच्या वेळी स्टॉलवरचा माणूस म्हणाला, “दादा, ह्यो डिस्प्लेचा पीस हाय, लई हात लागल्यात. तुम्हाला कंपनीपॅक देतो की.” पडद्यामागून त्याने खोका आणला. आत जाड प्लॅस्टिकमध्ये सील केलेली बॅग, वर टॅग. रंग तोच, कंपनीचं नाव तसंच शिवलेलं. मी प्लॅस्टिक फोडायला लागलो तर त्याने हात धरला. “सील फोडलं की बदली मिळत न्हाई, कंपनीचा नियमच हाय. घरात जाऊन फोडा, काय असलं तर आम्ही हाय की हितं रविवारपतोर.”

सगळी चलाखी या दोन वाक्यांत होती. पहिल्याने चांगली बॅग हातातून काढून घेतली, दुसऱ्याने हातात दिलेली बॅग तपासू दिली नाही. कस्टमच्या मालाची गोष्ट तर फक्त स्वस्ताईचं कारण द्यायला होती. बिल मागितल्यावर शिक्का नसलेल्या चिठ्ठीवर ‘कॅमेरा बॅग १’ एवढं लिहून दिलं, ‘पक्कं बिल व्हॉट्सॲपला पाठवतो’ म्हणाला. क्यूआर कोड स्कॅन केला तर स्टॉलच्या पाटीवरचं नाव न येता भलत्याच माणसाचं नाव आलं. विचारल्यावर उत्तर तयार होतं, “मालकाचं खातं हाय.”

घरी प्लॅस्टिक फोडल्याबरोबर रेक्झिनचा उग्र वास आला. बॅग हलकी लागली. हूक चांदीसारखे चकाकत होते, पण नखाने खरवडल्यावर खाली काळं प्लॅस्टिक निघालं. दुसऱ्या दिवशी हॉलवर गेलो. “लॉट येगळा असतोय सायेब, माल त्योच,” हे एक उत्तर आणि “मालक संध्याकाळी येतोय” हे दुसरं. संध्याकाळी मालक आला नाही. रविवारच्या आधीच स्टॉल उठला, फोन बंद झाला, पक्कं बिल आलंच नाही.

माझं नुकसान बॅगेच्या पैशांपुरतं राहिलं. इचलकरंजीच्या एका तरुण फोटोग्राफरने त्याच स्टॉलवरून तीच बॅग घेतली होती. सील होतं, नाव होतं, त्याने विश्वासाने सामान भरलं. जोतिबाच्या यात्रेत यमाई मंदिराच्या वाटेवर गर्दीचा एक रेटा आला आणि हूक तुटला. बॅग दगडी पायरीवर आदळली आणि आतल्या ७०-२०० लेन्सचा माउंट, म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला बसते ती कडी, वाकला. कर्ज काढून घेतलेली लेन्स होती, अजून हप्ते चालू आहेत. तो हे सांगत होता तेव्हा माझी बॅग घरात पडून होती, आणि तिचा हूक तसलाच होता.

नंतर मी माझी बॅग लक्ष्मीपुरीत बॅगा दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराकडे नेली आणि उसवायला सांगितली. पट्टा जिथे बॅगेला जोडलेला असतो ती शिवण त्याने आधी उघडली. चांगल्या बॅगेत नायलॉनची पट्टी खाली बरीच आत जाते आणि तिच्यावर चौकोन शिवून आत फुली मारलेली असते. इथे पट्टी बोटाच्या पेराएवढी आत खोचून एकेरी टाका मारला होता. कप्प्यांचे पडदे उसवले तर दोन बाजूंना उशीतला असतो तसला स्पंज आणि मध्ये पुठ्ठा. गगनबावड्याच्या एका पावसात त्या पुठ्ठ्याचा लगदा झाला असता. पावसाचं कव्हर तर दिलंच नव्हतं. आतल्या अस्तराचा काळा लेप बोटाला भुकटीसारखा लागत होता. ही भुकटी लेन्सच्या मागच्या काचेवर आणि तिथून बॉडीत जाते, गुलालाची गरजच नाही.

कारागीर म्हणाला, “आमच्या चपलेचं बी हेच करत्यात.” त्याचं बरोबर होतं. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तरी रेक्झिनची नक्कल तिच्याच नावावर विकली जाते. फरक इतकाच की चप्पल तुटली तर माणूस अनवाणी घरी येतो. बॅग तुटली तर पोट भरायचं साधन फुटतं.

आता मी कुणाबरोबर बॅग घ्यायला गेलो की सांगतो: ज्या पिसात सामान भरून बघितलं तोच पीस द्या, मळलेला असला तरी चालेल. बंद खोकाच देणार असतील तर तो तिथेच, त्यांच्यासमोर फोडायचा. नाही म्हणाले तर उठायचं. सामान भरून पट्टा दोन्ही हातांनी झटके देऊन ओढायचा आणि शिवणीकडे बघायचं. पडदे उपसून वाकवायचे, आत पुठ्ठा असला तर घडी पडते आणि पांढरी रेघ उमटते. हुकावर नाणं घासायचं. दुकानदार खवळला तर खवळू दे.

खोक्यावरचा मजकूर वाचा. पॅकबंद मालावर उत्पादक किंवा आयातदाराचं नाव-पत्ता, आयात माल असेल तर कोणत्या देशातला, महिना-वर्ष, एमआरपी आणि तक्रारीसाठी संपर्क छापणं २०११ च्या वजनमापे नियमांनी सक्तीचं आहे. माझ्या खोक्यावर एमआरपी ठळक होती आणि आयातदाराचा पत्ताच नव्हता.

बिलाचा आग्रह धरायला संकोच करू नका. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष वस्तू बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर ३० दिवसांत, परत घ्यायला नकार देणं हीसुद्धा. जिल्हा ग्राहक आयोगात आपण राहतो तिथेच तक्रार करता येते, घटनेपासून २ वर्षांच्या आत, आणि दिलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. ‘तुम्ही धंद्यासाठी घेतलं, तुम्ही ग्राहक नाही’ असं कुणी सांगितलं तर घाबरू नका. स्वयंरोजगारातून स्वतःचं पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू कायदा ‘धंद्यासाठी घेतलेली’ धरत नाही, म्हणजे तुम्ही ग्राहकच, आणि आपल्यातले बहुतेक फोटोग्राफर त्यातच मोडतात. पण तक्रार कुणाविरुद्ध करायची ते नाव आणि पत्ता हाताशी लागतो. तेच त्या स्टॉलवाल्याने कागदावर येऊ दिलं नाही.

आम्हा दोघांजवळ उरलाय तो यूपीआयचा व्यवहार क्रमांक आणि पैसे घेणाऱ्याचं नाव. ‘कॅशला पाचशे कमी’ असंही तो म्हणत होता. त्याला भुललेल्यांजवळ तेवढंही नाही. हॉलच्या व्यवस्थापकाकडे हॉल घेणाऱ्याची नोंद आहे, पण ती तो आम्हाला द्यायला तयार नाही. म्हणून आम्ही पोलीस ठाण्यात एकत्र अर्ज दिलाय, त्यात ती नोंद मागवावी अशी विनंती केलीय, आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही तक्रार नोंदवलीय.

त्या सेलमधून कुणी बॅग घेतली असेल तर आधी पट्ट्याचे हूक बदलून घ्या. धातूचे मिळतात आणि फार महाग नसतात. शिवणही पुन्हा मारून घ्या, तोवर त्यात लेन्स घालू नका. खोका, टॅग, चिठ्ठी काही टाकू नका आणि पैसे दिल्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. असे स्टॉल एका गावातून उठले की शेजारच्या गावात लागतात. सांगली, मिरज, कराडकडच्या फोटोग्राफर मित्रांना हे आजच सांगा.