मिरामार की परराज्य? लॉ कॉलेज निवडताना रँकिंग किती धरायचं

भाचीचा क्लॅटचा, म्हणजे राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या प्रवेश परीक्षेचा, निकाल आला. पहिल्या पाचांतलं विद्यापीठ मिळणार नाही, खालच्या रांगेतलं एखादं, तेही दूरच्या राज्यातलं, मिळेल. दुसऱ्या बाजूला गोव्यातलीच लॉ कॉलेजं: मिरामारचं साळगावकर किंवा मडगावचं कारे. फोंड्याहून दोन्हीकडे बसने रोज जाता येतं. "मामा, रँकिंग बघून सांग," म्हणाली. मी उलट विचारलं, "वकिली कुठे करणार?"

आधी रँकिंगचं. केंद्र सरकारची एनआयआरएफ यादी कायद्यासाठी २०१८ पासून निघते. अध्यापन आणि साधनांना ३० टक्के, संशोधनाला ३०, निकाल-नोकऱ्यांना २०, सर्वसमावेशकतेला १० आणि नावलौकिकाबद्दलच्या मताला १०. बरीचशी माहिती संस्था स्वतःच भरते. जिने भरली नाही ती यादीतच नाही. पोर्वरीच्या हायकोर्टात उभं राहून युक्तिवाद कसा करतात, याला या गणितात कुठे जागा आहे ते मला दिसलं नाही.

तरी वरची चार-पाच नावं खरीच वजनदार. मुंबई-दिल्लीच्या मोठ्या लॉ फर्म्स बंगळुरूच्या नॅशनल लॉ स्कूलसारख्या ठिकाणी कॅम्पसवर येऊन मुलं उचलतात. तिथे प्रवेश मिळत असेल तर कर्ज काढूनही जावं. पण विसाव्या आणि तिसाव्या नंबरात फर्मवाला फारसा फरक करत नाही. खर्च मात्र राहण्या-जेवणासह वर्षाला दोन-तीन लाखांच्या घरात जातो.

आता गोव्याचं. इथे लग्नाआधी वेगळा करार नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामायिक, हा १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतला नियम आजही चालतो. वारसांचं भांडण इन्व्हेंटरीत, म्हणजे मालमत्ता वारसांत वाटण्याच्या कोर्टाच्या कारवाईत, जातं आणि तिथे भावंडं वडिलोपार्जित घरासाठी एकमेकांविरुद्ध बोली लावतात. मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणारा), कूळ, कोमुनिदाद (गावाची सामायिक जमीन सांभाळणारी संस्था) यांची प्रकरणं वेगळीच. परराज्यात पाच वर्षं काढून आलेला एक हुशार ज्युनियर माझ्याकडे होता. इन्व्हेंटरीची पहिली फाईल हातात घेऊन तो दोन दिवस गप्प बसला होता. चूक त्याची नव्हती, त्याला हे कुणी शिकवलंच नव्हतं. मिरामारचा विद्यार्थी सुट्टीत पणजीच्या सीनियरकडे बसतो. साळगावकर १९७३ पासून चालू आहे, त्यामुळे इथल्या वकिलांच्या बारमध्ये त्याचे माजी विद्यार्थी पावलोपावली भेटतात. ती ओळख पहिल्या दोन वर्षांत भाकरी देते.

आणि या दोन वर्षांबद्दल स्पष्टच सांगतो: ज्युनियरचा हात तंगच असतो. बार कौन्सिल ऑफ इंडियाने २०२४ मध्ये शहरात २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार रुपये महिना देण्याची शिफारस केली, पण ती शिफारसच. फीचं कर्ज डोक्यावर घेऊन असा पगार परवडत नाही. मग मुलं कोर्ट सोडून कंपनीत जातात.

वकिली करण्याच्या प्रमाणपत्रासाठी ऑल इंडिया बार परीक्षा मात्र इथे शिकलेल्याला आणि बाहेर शिकलेल्याला सारखीच.

भाचीला कंपनी कायदा आवडतो, असं ती म्हणते. खरंच आवडत असेल तर बाहेर जाणं योग्यच, पण त्याआधी त्या कॉलेजच्या मागच्या तीन बॅचमधली मुलं आज कुठे आहेत ते एकेका नावानिशी शोधायला सांगितलंय. तिने अकरा नावं काढली आहेत. तिघं कोर्टात, दोघं फर्ममध्ये, एक बँकेत. उरलेल्या पाचांना ती अजून मेसेज करतेय.