मराठी-इंग्रजी नर्सरी: जून ते फेब्रुवारीचा अनुभव

लेक जूनपासून पुण्यातल्या एका द्विभाषिक नर्सरीत जाते. पुढे तक्रारीही आहेत, म्हणून शाळेचं नाव लिहीत नाही. पण जे पालक अजून ठरवतायत त्यांना आधीच सांगते: दोन भाषांनी पोरं गोंधळत नाहीत. इंग्रजी खेळता खेळता आली आणि मराठीला कुणी मागे ढकललं नाही, तर दोन्ही छान वाढतात.

वर्गात दोन ताई आहेत. एक मुलांशी मराठीतच बोलते, दुसरी इंग्रजीतच. 'ॲपल म्हणजे सफरचंद' असला प्रकार नाही. मला हे सगळ्यात जास्त पटलं. मागोमाग मराठी अर्थ मिळणारच आहे हे कळलं, की मूल इंग्रजीकडे लक्ष कशाला देईल?

पालकांना अधूनमधून वर्गात बसता येतं. मी गेले तेव्हा परातीत मसूर होती आणि दोन पोरं वाटीने इकडची तिकडे ओतत होती. मराठी ताई शेजारी मांडी घालून बसली होती. "काठोकाठ भरली की! अरे, सांडली. चल, वेचू या. मला मूठभर दे. आता चिमूटभर." शिकवणं म्हणाल तर एवढंच. पुढे एकदा मी आमटीत मीठ घालत होते, तर लेक म्हणाली, "आई, चिमूटभरच हं." पाठांतराने हे आलं नसतं. पलीकडे पाण्याच्या टबाशी इंग्रजी ताईचं असंच चाललेलं असतं, फुल, एम्प्टी, पोअर.

गणपतीच्या सुमारास घरी "मी वॉटर पोअर केलं" अशी वाक्यं सुरू झाली आणि सासूबाई धास्तावल्या. मराठी ताईला विचारलं, तर ती म्हणाली, चूक दाखवू नका, तेच वाक्य नीट करून बोला. "हो? पाणी ओतलंस? कुठे गं?" आम्ही तेच करत राहिलो. दोन भाषांत वाढणारी मुलं अशी सरमिसळ करतातच, त्यात काळजीचं काही नाही. दोन्ही भाषांचे मिळूनही शब्द फारच कमी असतील, तर मात्र डॉक्टरांना दाखवावं. आता लेक आजीशी सलग मराठी बोलते आणि इंग्रजी ताई दिसली की इंग्रजीवर येते.

आता तक्रारी. पहिल्या सत्रात पेन्सिल नव्हती. कणीक मळणं, मणी ओवणं, कागद फाडून चिकटवणं, बोटं तयार होतात ती यातूनच. दिवाळीनंतर काही पालकांनी "लिहायला कधी शिकवणार?" असा लकडा लावला आणि शाळेने ए-बी-सी गिरवायच्या वर्कशीट घरी पाठवायला सुरुवात केली. मला हे अजिबात मान्य नाही. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात ३ ते ८ वर्षं हा पायाभूत टप्पा आहे, त्यात खेळावर आणि घरच्या भाषेवर भर आहे. आणि आपल्याला हे दिल्लीने सांगायची गरज नव्हती. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कितीतरी आधीच पालघर जिल्ह्यातल्या कोसबाडला आदिवासी मुलांसाठी बालवाड्या चालवल्या त्या पानं, बिया, खडे अशा आसपासच्या वस्तूंवर. आमच्या शाळेत महागडी लाकडी खेळणी रांगेने मांडलेली आहेत, पण पोरांची झुंबड चिंचोक्यांच्या डब्यावर असते.

दुसरं, वर्गात मराठीला मान आहे, पण ऑफिसात नाही. ॲपवरच्या सूचना फक्त इंग्रजीत. लेकीला आणायला आजोबा जातात, त्यांना त्या वाचता येत नाहीत. गॅदरिंगचं निवेदनही सगळं इंग्रजीत झालं. मुलांना हे कळत नाही असं समजू नये. फीसुद्धा आमच्यासारख्या घराला जड जाते.

शाळा बघायला जाल तेव्हा ब्रोशर बाजूला ठेवा. रडणाऱ्या पोराला ताई कोणत्या भाषेत जवळ घेते ते बघा. आमच्याकडे इंग्रजी ताईसुद्धा अशा वेळी सरळ मराठीत बोलते, आणि मी प्रवेश घेतला तो हे पाहूनच. दुपारी मुलं मोकळी खेळतात तेव्हा मोठी माणसं गप्प बसून ऐकतात की मध्ये मध्ये प्रश्न विचारतात, तेही बघा.

पुढच्या वर्षी ज्युनिअर केजीलाही इथेच ठेवतोय. वर्कशीट बंद कराव्यात आणि सूचना मराठीतही द्याव्यात, असं पत्र आम्ही काही पालकांनी मिळून दिलंय. सूचनांचं मान्य झालंय, वर्कशीटवर मार्चच्या पालकसभेत बोलणं होणार आहे.