वरून लॉन, आतून राडारोडा

घराच्या कंपाउंडपासून रस्त्यापर्यंत जी गवताची पट्टी असते ना, आमच्या दारातल्या पट्टीची पार दुर्दशा झालेली. लोक गाड्या चढवायचे, त्यामुळे माती दगडासारखी घट्ट, पाणी मुरायचंच नाही. म्हटलं एकदाचं नीट करून घेऊ. एकाने एक लँडस्केपिंगवाला सुचवला. गोडबोल्या माणूस, मोबाईलवर भराभर फोटो दाखवले, एकेक लॉन इतकं हिरवंगार की आम्ही दोघं तिथंच पाघळलो. कोटेशनही बाकीच्यांपेक्षा बरंच कमी. त्यात 'जमीन तयार करणे' एवढंच लिहिलेलं, किती खोल खणणार, माती कुठली, खत किती, काही नाही. आणि मी विचारलंही नाही, शहाणाच ना मी!

निम्म्याहून जास्त अॅडव्हान्स घेतला आणि काम नेमकं मी घरी नसलेल्या दिवशी उरकलं. संध्याकाळी येऊन बघतो तर सगळं तयार, एका दिवसात. तेव्हाच पाल चुकचुकायला हवी होती. निदान 10-15 सेंमी खणायचं, दगड वेचायचे, कुजलेलं खत कालवायचं, लेव्हल करायची आणि मग लॉनच्या लाद्या, म्हणजे मातीसकट कापलेले तयार गवताचे तुकडे, अंथरायच्या, हे दोन माणसं एवढ्या कडक जमिनीत एका दिवसात करतील कशी?

पहिले दहा-बारा दिवस झकास. मग कडा पिवळ्या पडायला लागल्या. फोन केला तर म्हणे पाणी कमी पडतंय, म्हणून पाणी वाढवलं तर अजूनच पिवळं आणि वर कुबट वास. तीन आठवडे झाल्यावर शेवटी एक कोपरा धरून उचलला तर चटईसारखी अख्खी लादी हातात! एव्हाना मुळं खाली धरायला हवी होती, एकही नाही. खाली बोटभर माती, तिच्याखाली विटांचे तुकडे आणि सिमेंटचा चुरा. म्हणजे दुसऱ्या कुठल्या तरी साइटचा राडारोडा माझ्या दारात पसरून वर गवत झाकलं, त्याचा फेकायचा खर्चही वाचला.

त्या बोटभर मातीतून काय आलं तर लव्हाळा, ते चिवट तण. ज्यांनी भोगलाय त्यांना सांगायला नको. वरून उपटला की खालची गाठ तशीच राहते आणि परत फुटते, आणि त्या गाठी जमिनीत एकमेकींना जोडलेल्या असतात. माती आणली की आधी बाजूला ढीग घालून भिजवून दोन-तीन आठवडे काय उगवतं ते बघा, मगच पसरू द्या.

परवानगीचंही तसंच. पट्टी आपल्या दारासमोर असली तरी पुष्कळदा ती आपल्या मालकीची नसते, आणि खालून पाण्याची लाइन, केबल गेलेली असू शकते. 'ते मी बघतो' म्हणाला, बघितलं काहीच नाही. त्याने लावलेलं झाड पालिकेच्या माणसाने काढायला लावलं. काढलं तर मुळं कुंडीच्या आकारात गोल गोल गुंडाळलेली, तसंच खुपसलेलं. उरलेले पैसे मी अडवले, पण अॅडव्हान्स गेला तो गेलाच.

गेल्या महिन्यात एक अनोळखी बाई दारात आल्या, 'तुमचंच लॉन ना हे?' म्हणाल्या आणि मोबाईल पुढे केला. माझीच पट्टी, अंथरल्या दिवशीची, हिरवीगार. त्याच्या सगळ्या फोटोंचं गुपित तेव्हा कळलं. मी त्यांना गेटबाहेर नेलं आणि एक कोपरा उचलून दाखवला.